पोटावरचा मेद, पेशींतला दाह

पिंपरी-चिंचवडपासून भोसरीमार्गे चाकणपर्यंत पसरलेला औद्योगिक पट्टा म्हणजे महाराष्ट्रातील एका मोठ्या स्थित्यंतराचा आरसाच होय. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समुळे पिंपरीचे नाव देशाच्या नकाशावर आले. पुढे वाहन उद्योगाने येथे मूळ धरले, १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली आणि कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणच्या शिवारात मोटारींचे कारखाने उभे राहिले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि सोलापूर-नगरकडील हजारो तरुण येथे स्थिरावले. बापाची हयात शेतात राबण्यात गेली. मुलगा मात्र तीन पाळ्यांत, कंपनीच्या बसने ये-जा करीत, कॅन्टीनचे जेवण जेवत नोकरी करू लागला. राहणीमानातील हा बदल एकाच पिढीत घडला.

या बदलाची एक नोंद माणसाच्या देहातही होत असते. कारखान्यातील वार्षिक वैद्यकीय तपासणीत वजनाचा काटा फारसा हललेला नसतो. कमरेचा पट्टा मात्र दोन घरे पुढे सरकलेला असतो आणि रक्तातील साखर सीमारेषेवर येऊन ठेपलेली असते. 'मी तर जाड नाही, मग मला साखर कशी?' हा प्रश्न अशा वेळी स्वाभाविकच असतो. त्याचे उत्तर शोधताना वैद्यकशास्त्राला मेदाकडे नव्या दृष्टीने पाहावे लागले, आणि त्यासाठी देहाबाहेर, प्रयोगशाळेत, मेदऊतीच्या प्रतिकृती घडवाव्या लागल्या.

सडपातळ देहातील छुपा मेद

या प्रश्नाचा एक महत्त्वाचा धागा पुण्यातच सापडतो. येथील केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्रा. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचा शरीरभार निर्देशांक, म्हणजे उंचीच्या प्रमाणात असलेले वजन, अगदी सारखा होता : २२.३. मात्र शरीरातील मेदाचे प्रमाण मोजले असता युडकिन यांच्या देहात ते ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के भरले. काट्यावर समान दिसणारी दोन माणसे आतून इतकी वेगळी असू शकतात, हे या एका छायाचित्राने जगाला दाखवून दिले.

हा फरक जन्मापासूनच असतो, असे पुणे जिल्ह्यातील सहा गावांमध्ये झालेल्या माता-पोषण अभ्यासातून दिसून आले. या अभ्यासातील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलो. पुण्याकडील बालके लहानखुरी होती, त्यांचे स्नायू कमी होते, परंतु त्वचेखालील मेद मात्र त्या मानाने टिकून होता. 'कृश तरीही मेदयुक्त' असे या बालकांचे वर्णन २००३ मध्ये करण्यात आले.

यापुढचा दुवा औद्योगिक पट्ट्यातील रहिवाशांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. युडकिन, याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये असे नोंदवले, की शहरी भारतीयांच्या रक्तात दाह वाढवणाऱ्या संदेशक प्रथिनांची पातळी चढलेली असते, ग्रामीण भारतीयांच्या मात्र नसते. पुढे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुणे परिसरातील खेड्यांत, शहरातील झोपडपट्ट्यांत आणि मध्यमवर्गीय वस्त्यांत राहणाऱ्या प्रत्येकी सुमारे दीडशे पुरुषांची तुलना करण्यात आली. मेदाचे प्रमाण ग्रामीण पुरुषांत सर्वांत कमी, तर शहरी मध्यमवर्गीयांत सर्वांत जास्त आढळले. थोडक्यात, खेड्यातून शहराकडे येणाऱ्या वाटेवर मेद वाढतो आणि त्याच्याबरोबर दाहही.

मेद हे केवळ कोठार नव्हे

दाह म्हटला की जखमेभोवतीची लाली, सूज आणि ठणका डोळ्यांसमोर येतो. स्थूलतेतील दाह असा नसतो. तो मंद असतो, दुखत नाही, ताप आणत नाही. पण वर्षानुवर्षे धुमसत राहतो. मेद म्हणजे उरलेले अन्न साठवण्याचे निष्क्रिय कोठार, अशी जुनी समजूत होती. १९९४ मध्ये लेप्टिन या मेदपेशींतून स्रवणाऱ्या संप्रेरकाचा शोध लागला आणि मेदऊती हा एक क्रियाशील अवयव आहे, हे मान्य झाले.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९९३ मध्ये, अमेरिकेतील गोखान होतामिशलिगिल, ब्रूस स्पिगेलमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते, की लठ्ठ उंदरांच्या मेदात 'टीएनएफ-अल्फा' हे दाहकारक प्रथिन मोठ्या प्रमाणात तयार होते आणि ते निष्प्रभ केल्यास इन्शुलिनचे काम सुधारते. पण ते येते कोठून? २००३ मध्ये दोन अमेरिकी संशोधन गटांनी उत्तर दिले : मेदऊतीत शिरलेल्या भक्षक पेशींमधून. या पेशी एरवी जंतू आणि मृत पेशी गिळून देहाची राखण करतात. सडपातळ देहाच्या मेदऊतीतील एकूण पेशींत त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांहून कमी असते; लठ्ठ माणसात ते चाळीस टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते, असा अंदाज तेव्हा मांडला गेला. इटलीतील साव्हेरिओ चिंती व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले, की या भक्षक पेशी मेलेल्या मेदपेशीभोवती मुकुटासारखे कडे करून बसतात.

एकूण चित्र असे तयार होते. खाणे जास्त आणि हालचाल कमी झाली, की मेदपेशी फुगतात. एका मर्यादेपलीकडे त्यांना प्राणवायू अपुरा पडतो, काही पेशी मरतात, भक्षक पेशी धावून येतात आणि दाहकारक प्रथिने सोडतात. त्यामुळे शेजारच्या निरोगी मेदपेशी इन्शुलिनचा संदेश नीट ऐकेनाशा होतात. साठवलेला मेद रक्तात पाझरू लागतो. तो यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसतो आणि तेथेही इन्शुलिनचे काम अडते. पुढची पायरी मधुमेह आणि हृदयविकार ही होय.

ऊतीच्या प्रतिकृती कशासाठी?

रक्ततपासणीत दाहाची खूण सापडते. पण ती धुरासारखी असते. धूर दिसला म्हणजे कोठेतरी आग आहे हे कळते. ती कशाने लागली आणि आधी काय पेटले, हे कळत नाही. त्यासाठी मेदऊतीतच डोकवावे लागते. जिवंत माणसाच्या पोटातील मेद रोज काढून पाहणे शक्य नाही आणि योग्यही नाही. चाकणच्या कारखान्यात नवे इंजिन थेट रस्त्यावर आणले जात नाही. आधी ते चाचणीमंचावर चढवतात आणि वेग, तापमान, इंधन यांतील एकेक गोष्ट बदलून त्याचे वर्तन तपासतात. प्रयोगशाळेतील ऊती-प्रतिकृतीचे काम असेच असते. देहात एकाच वेळी शेकडो गोष्टी घडत असतात. प्रतिकृतीत एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहता येतो.

यातील सर्वांत जुनी आणि सर्वाधिक वापरली जाणारी प्रतिकृती म्हणजे '३टी३-एल१' ही उंदराच्या पेशींची वंशावळ. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील हॉवर्ड ग्रीन आणि मार्क म्यूथ यांनी १९७४ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. उंदराच्या गर्भापासून मिळवलेल्या या पेशी पोषक द्रावात, ३७ अंश सेल्सियस तापमानात वाढवल्या जातात. बशीचा तळ भरला, की इन्शुलिनसह काही ठरावीक द्रव्ये त्यांना दिली जातात. आठ-दहा दिवसांत लांबट पेशी गोल होतात आणि त्यांच्यात मेदाचे थेंब दिसू लागतात. विशिष्ट लाल रंग टाकला, की हे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली माणकासारखे चमकतात. मेद किती साठला, हे त्या रंगावरून मोजता येते.

भारतातील अनेक प्रयोगशाळांना या पेशी पुण्यातूनच मिळतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात देशाचे पेशीभांडार आहे. निरनिराळ्या पेशींच्या वंशावळी तेथे अतिशीत अवस्थेत जतन केल्या जातात आणि संशोधकांना पुरवल्या जातात. मेदावरील कित्येक भारतीय शोधनिबंधांत पेशी कोठून आणल्या, या रकान्यात पुण्याच्या या केंद्राचे नाव आढळते.

दोन पेशींचे दुष्टचक्र

मात्र एकट्या मेदपेशीत दाहाचे पूर्ण नाट्य घडत नाही. त्याला भक्षक पेशीही लागते. म्हणून संशोधकांनी दोन्ही पेशी एकाच भांड्यात वाढवण्याची पद्धत अवलंबिली. कधी त्या एकमेकींना खेटून ठेवतात. कधी त्यांच्यामध्ये अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा घालतात, जेणेकरून पेशी एकमेकींना शिवणार नाहीत, पण त्यांनी सोडलेली द्रव्ये पलीकडे जातील. स्पर्शामुळे काय होते आणि स्रावामुळे काय होते, हे यातून वेगळे काढता येते.

जपानमधील ताकायोशी सुगानामी, योशिहिरो ओगावा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये याच पद्धतीने एक दुष्टचक्र उघड केले. मेदपेशीतून सुटणारी मेदाम्ले भक्षक पेशींना चेतवतात. चेतलेल्या भक्षक पेशी टीएनएफ-अल्फा सोडतात. त्यामुळे मेदपेशींतून आणखी मेदाम्ले सुटतात. हे चक्र एकदा सुरू झाले, की आपल्या बळावर फिरत राहते. जिवंत देहात कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे सांगणे अवघड असते. बशीत मात्र एक दुवा तोडून चक्र थांबते का, हे पाहता येते.

तरंगणाऱ्या पेशी

या साध्या प्रतिकृतींना मर्यादाही आहेत. माणसाच्या पक्व मेदपेशीत मेदाचा एकच मोठा थेंब असतो आणि तो जवळजवळ सारी पेशी व्यापतो. उंदराच्या संवर्धित पेशीत मात्र पुष्कळ छोटे थेंब असतात. आकारातही मोठे अंतर असते. फुगलेली मेदपेशी हेच जर दाहाचे मूळ असेल, तर जी पेशी तितकी फुगतच नाही, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष अपुरा ठरतो.

मग माणसाचीच पक्व मेदपेशी का वापरू नये? अडचण साधी आहे : तेलाप्रमाणे ती द्रावावर तरंगते आणि तळाला चिकटतच नाही. यावर जपानी संशोधकांनी १९८० च्या दशकात एक युक्ती काढली. बाटली द्रावाने काठोकाठ भरायची आणि उलटी ठेवायची. तरंगणाऱ्या पेशी वर येऊन 'छताला' चिकटतात. पण तेथे काही दिवसांत त्यांचे मूळ रूप पालटू लागते. शस्त्रक्रियेत काढलेल्या मेदाचा छोटा तुकडा तसाच जिवंत ठेवणे, हा दुसरा मार्ग. त्यात सर्व पेशी आपापल्या जागी असतात, परंतु रक्तपुरवठा नसल्याने असा तुकडा थोडेच दिवस उपयोगी पडतो.

म्हणून गेल्या दोन दशकांत त्रिमितीय प्रतिकृतींकडे कल वाढला. कोलॅजन, रेशमातील प्रथिन किंवा जेलीसारख्या पदार्थाचा सांगाडा उभारून त्यात मेदपेशी वाढवल्या जातात. सपाट बशीपेक्षा तेथे त्यांना देहातल्यासारखा आधार आणि दाब मिळतो. त्याहून पुढचे पाऊल म्हणजे 'चिपवरील ऊती'. हातात मावणाऱ्या एका पारदर्शक पट्टीत केसाएवढ्या वाहिन्या कोरलेल्या असतात. त्यांतून पोषक द्राव रक्तासारखा वाहत राहतो आणि बाजूच्या कप्प्यात मेदऊती जिवंत असते. जर्मनीतील पीटर लॉस्किल यांच्या गटाने २०२२ मध्ये अशी एक चिप सादर केली. तिच्यातील मेदपेशी, रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी आणि रोगप्रतिकारक पेशी एकाच व्यक्तीकडून घेतलेल्या होत्या. एका माणसाच्या मेदाचे जणू छोटे प्रतिरूपच तेथे तयार झाले.

उंदीर आणि माणूस

एवढा खटाटोप कशासाठी, असे वाटू शकते. उंदरांवरील प्रयोग पुरेसे नाहीत काय? याचे उत्तर टीएनएफ-अल्फाच्याच कहाणीत आहे. उंदरांत हे प्रथिन निष्प्रभ केल्यावर इन्शुलिनचे काम सुधारले होते. त्यामुळे माणसातही तसेच होईल, ही आशा बळावली. १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये मधुमेही रुग्णांना या प्रथिनाला रोखणारे प्रतिपिंड देऊन पाहण्यात आले. साखरेवर किंवा इन्शुलिनच्या कामावर परिणाम दिसला नाही. माणसाच्या मेदात दाहाचे अनेक मार्ग एकमेकांत गुंतलेले असतात आणि एक बंद केल्याने सारे थांबत नाहीत, असा याचा अर्थ लावला जातो.

मानवी ऊतींच्या प्रतिकृतींना आता कायद्याचेही पाठबळ मिळाले आहे. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा बदलून नव्या औषधांसाठी प्राण्यांवरील चाचण्यांना पर्याय खुला केला. भारतानेही मार्च २०२३ मध्ये औषध चाचणी नियमांत दुरुस्ती करून मानवी पेशी, चिपवरील अवयव अशा पद्धतींना स्थान दिले. वजन घटवण्यासाठीची टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने २०२५ मध्ये भारतीय बाजारात आली. वजन उतरले म्हणजे मेदातील दाहही शमला काय, आणि औषध थांबवल्यावर तो परततो काय, असे प्रश्न आता अधिक नेमकेपणाने विचारावे लागणार आहेत.

मेद कोणाचा?

येथेच आपल्याकडील वेगळेपण पुढे येते. मानवी मेदाच्या प्रतिकृतींसाठी लागणारी ऊती बहुधा दोन ठिकाणांहून मिळते : सौंदर्यासाठी मेद शोषून काढण्याच्या शस्त्रक्रियेतून आणि अतिस्थूल रुग्णांवरील जठराच्या शस्त्रक्रियेतून. पहिल्यात त्वचेखालचा मेद हाती येतो. दुसऱ्यात पोटाच्या पोकळीतील मेदही मिळतो. पण तो अतिस्थूल व्यक्तीचा असतो. पिंपरी-चाकणमधील ज्या माणसाचा निर्देशांक २३ किंवा २४ आहे, जो दिसायला सडपातळ आहे, पण ज्याच्या पोटात मेद दडलेला आहे, तो या दोन्ही गटांत मोडत नाही. भारतीय देहात त्वचेखाली मेद साठवण्याची क्षमता तुलनेने लवकर संपते आणि जादा मेद पोटाच्या पोकळीत व यकृतात जातो, असे अनुमान अभ्यासकांनी मांडले आहे. ते कितपत खरे, हे तपासायचे तर अशाच देहांतील मेदावर काम व्हायला हवे.

पित्ताशय किंवा हर्निया यांसारख्या नित्याच्या शस्त्रक्रियांच्या वेळी, रुग्णाच्या लेखी संमतीने आणि रुग्णालयाच्या नीतिमत्ता समितीच्या मान्यतेने, मेदाचा लहानसा नमुना घेता येतो. पुण्याकडे पेशीभांडार आहे, तीन दशकांचे लोकसमूहांचे अभ्यास आहेत आणि शेजारी खेड्यातून कारखान्यात आलेल्या लाखोंची वस्ती आहे. एकाच जिल्ह्यात या तिन्ही गोष्टी असणे हे दुर्मीळ होय. तिन्हींची सांगड घातली गेली, तर परक्या देहांवरून बेतलेल्या निष्कर्षांवर विसंबून राहण्याची वेळ येणार नाही.

'प्रयोगशाळेत सिद्ध' म्हणजे काय?

सामान्य वाचकासाठी या विषयाला एक व्यावहारिक बाजूही आहे. चरबी जाळणारी चूर्णे, चहा आणि गोळ्या यांच्या जाहिरातींत 'प्रयोगशाळेत सिद्ध' असे शब्द ठळकपणे छापलेले असतात. अशा वेळी काही प्रश्न विचारायला हवेत. प्रयोग कोणत्या पेशींवर झाला : उंदराच्या की माणसाच्या? बशीत जेवढे द्रव्य ओतले, तेवढे गिळलेल्या गोळीतून रक्तापर्यंत पोहोचते काय? बशीतील पेशीला यकृत नाही, आतडे नाही, भूक नाही आणि रात्रपाळीही नाही. तेथे मेदाचे थेंब कमी झाले, म्हणून माणसाच्या कमरेचा घेर कमी होईल, असे नाही. बशीतील यश हा संशोधनाचा आरंभ असतो. माणसांवरील शिस्तबद्ध चाचण्यांनंतरच तो उपचार ठरतो.

देशाचे चित्र चिंताजनक आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि सुमारे ३९.५ टक्के प्रौढांच्या पोटावर अतिरिक्त मेद आहे. प्रयोगशाळेतील प्रतिकृतींतून औषधे निघतील तेव्हा निघतील. तोवर मोजमापासाठी शिंप्याची टेप पुरेशी आहे. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल, तर वजनाचा काटा काहीही सांगो, साखर आणि रक्तदाब तपासून घेणे हिताचे. नियमित चालणे, मोजका आहार आणि पुरेशी झोप यांनी हा दाह उतरू शकतो. पाळी बदलली की झोपेचे आणि जेवणाचे वेळापत्रक विस्कटणाऱ्या कामगारासाठी यातील एकही गोष्ट सोपी नाही. कॅन्टीनच्या ताटात काय असावे आणि रात्रपाळी किती सलग असावी, हे त्याच्या एकट्याच्या हातात नसते. त्याचा विचार कारखान्यांनाही करावा लागेल.